चौथं बोट

"मॅडम, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. बिघाड वर आहे," असं म्हणत डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. मग आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. फोकल डिस्टोनिया. म्हणजे एखादं ठरावीक काम करतानाच मेंदू एखाद्या स्नायूला चुकीचा हुकूम देतो. बाकी सगळं ठाकठीक. मी भाकरी थापू शकत होते, स्कूटर चालवू शकत होते, गंगापूर रोडवरच्या भाजीवाल्याशी हातवारे करून भांडूही शकत होते. फक्त पियानोवर हात ठेवला की उजव्या हाताचं चौथं बोट, म्हणजे अनामिका, तळव्यात दुमडायचं.

आणि पियानो वाजवणं हाच माझा धंदा.

हे नाव कळायला दीड वर्ष लागलं. त्यातलं एक वर्ष माझ्या लपवाछपवीत गेलं, हे आधीच कबूल करते. आम्ही पियानोवाले कोणत्या सुराला कोणतं बोट लावायचं ते स्वरलिपीच्या पुस्तकात पेन्सिलीने आकड्यांत लिहितो. अंगठा एक, करंगळी पाच. चौथं बोट रुसायला लागलं तशी मी चारचा आकडा खोडून तिथे तीन लिहिला. पुढच्या पानावर पाच. असं करत सगळं पुस्तक गुपचूप बदलून टाकलं. कार्यक्रम होत राहिले, टाळ्या पडत राहिल्या. मी मात्र ग्रीनरूममध्ये येऊन त्या बोटाकडे रागाने बघत बसायची. इतका राग मला कधी नवऱ्याचाही आला नव्हता.

वर सराव वाढवला. चार तासांचे सात केले. मला शिकवणाऱ्या मिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. लहानपणी त्यांनी एकच गोष्ट मनावर कोरली होती. चूक झाली तरी थांबायचं नाही, हात पुढे नेत राहायचं. माझं सगळं करिअर त्या एका वाक्यावर उभं आहे. आजारही त्याच वाक्यावर पोसला गेला.

माझे वडील, नाना, अंबडच्या कारखान्यात फिटर होते. चर्चच्या ऑर्गनचं पेडल दुरुस्त करायला ते गेले, मला सोबत नेलं, आणि त्यातून हे पियानोचं खूळ घरात शिरलं. त्यांना स्वरलिपी वाचता येत नाही. पण सात तासांच्या सरावाच्या दिवसांत ते एकदा दाराशी येऊन म्हणाले, "बेरिंग तापली का आधी मशीन बंद करत्यात. तू तं स्पीड वाढवत बसली."

मी ऐकलं नाही. मोठी कलाकार ना मी!

शेवटी चहाचा कप उचलावा तसा अलगद हात पियानोवर ठेवला तरी बोट आत वळायला लागलं, तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट गाठले. एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे फोटो. मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट. हातावर बारीक करंटचे झटके देऊन नसा नीट काम करतात का ते बघतात. दुखत नाही फारसं, दचकायला होतं. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले. डॉक्टरांनी टेबलावर बोटं नाचवून दाखवायला सांगितलं, तर बोट कसं शहाण्यासारखं सरळ! मी खोटी पडल्यासारखं वाटलं.

"उद्या वाद्यच घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि नाना माझा इलेक्ट्रॉनिक पियानो दोन टोकांना धरून ओपीडीत शिरलो. बाकावर पेठ तालुक्याच्या बाजूच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी कौतुकाने विचारलं, "आज इथं परोगराम हाय का?"

आत गेल्यावर मी वाजवायला लागले. तिसऱ्याच ओळीत बोट दुमडलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच ते कोणाला बघू दिलं. डॉक्टरांनी माझं पुस्तक चाळलं, खोडलेले आकडे पाहिले. "हे कधी बदललं? आणि हे?" मला एकेक महिना आठवत होता. ते म्हणाले, "तुमचा केसपेपर तुम्ही आधीच लिहून ठेवलाय."

नानांना तोवर त्या आकड्यांचं काहीच माहीत नव्हतं. रिक्षात त्यांनी माझं ते बोट आपल्या राठ मुठीत धरलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही. मी ढसाढसा रडले.

तीन महिने पियानो बंद. मग फिजिओथेरपिस्ट मॅडमनी रोज पाच मिनिटं वाजवायची परवानगी दिली, एका अटीवर. "बोट वळायला लागलं की तिथेच थांबायचं. पुढे जायचं नाही." मिसच्या शिकवणीच्या बरोब्बर उलट. मला जमेना, हात आपोआप पुढे पळायचा. तेव्हा नाना शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. माझ्या आधी त्यांना कळायचं. सूर जरा दबला की म्हणायचे, "थांब." अख्खी नोकरी मशीनचा आवाज ऐकण्यात गेलेली.

असं आणखी दीड वर्ष गेलं. तुमच्यापैकी कोणाला असं काही होत असेल, तर एवढंच सांगते. लपवू नका, आणि जोर लावू नका. मी पूर्ण बरी झालेले नाही. मोठे कार्यक्रम आता घेत नाही.

गेल्या महिन्यात इथेच एका छोट्या हॉलमध्ये वाजवलं. जुनंच पुस्तक, पण तीन आणि पाच खोडून पुन्हा चार लिहिलेले. दुसऱ्या पानावर बोट वळू लागलं. शेजारचं बोट पुढे सरसावलं, सवयीने.

मी हात उचलला. भर कार्यक्रमात, आयुष्यात पहिल्यांदा, थांबले.

पहिल्या रांगेतून नाना हळूच म्हणाले, "आता कर चालू."

मी चौथं बोट ठेवलं. ते सरळ राहिलं.