पायरीजवळचा सॉकेट

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं आम्ही फिरतं घर केलं. आत बिछाना, शेगडी, फ्रिज, सगळं. निघायच्या आदल्या दिवशी डोंबिवलीत बिल्डिंगच्या आवारात सासूबाईंनी गाडीची पूजा केली, दाराच्या पायरीवर नारळ फोडला. दुपारी बघते तर गाडीतला एकही सॉकेट चालेना.

नवरा म्हणाला, "इलेक्ट्रिशियनला फोन करतो."

"तो उद्या येतो म्हणेल आणि परवा फोन उचलणार नाही. बिघाड मीच शोधते."

बिल्डिंगमधून घेतलेल्या वायरला टेस्टर लावला, तो पेटला. म्हणजे बाहेरून वीज येत होती. गाडीतला सेफ्टी स्विच मात्र वर केला की पुन्हा पडायचा. कुठेतरी करंट गळत होता. मग दर वेळी बाहेरची वायर काढायची, एक सॉकेट सोडवायचा, वायर लावून स्विच वर करायचा. घाम डोळ्यांत जात होता, सासूबाई "राहू दे गं" म्हणत होत्या, पण मी हट्टालाच पेटले होते.

शेवटचा, पायरीजवळचा सॉकेट सोडवला आणि स्विच वर राहिला. सॉकेट उलटा करून बघितला तर आत ओल, चिकटपणा आणि खोबऱ्याचा बारीक तुकडा. नारळाचं पाणी थेट आत गेलं होतं!

तो बंद ठेवून बाकीचे जोडले. फ्रिज घरघरला. आता सासूबाईंना सांगायचंच म्हणून मी वळले, तर त्या गाडीला हात जोडून उभ्या.

"बघ, नारळ फोडला म्हणून चालू झालं!"

मी तोंड उघडलंच होतं. त्यांनी त्यात प्रसादाचं खोबरं कोंबलं.