गोपिका परातेचा सकाळचा ट्रान्स

गोपिका पराते महाल भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. चाळिशी ओलांडली होती, लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं, की ती त्याच्याच चष्म्याचा नंबर विचारून विषय बदलायची. नंदनवनात तिचं दोन खोल्यांचं घर होतं. घराणं विणकरांचं, पण वडिलांनंतर हातमाग कोणी चालवला नाही.

नाचाशी तिचा काही संबंध नव्हता. वरातीत बायकांनी नाचायचं म्हणजे चारजण टक लावून बघणार, म्हणून ती कायम पर्स सांभाळणाऱ्यांत असायची. दुकानातला धर्मेंद्र सावनेरकडचा. त्याच्या गावाजवळच्या एका फार्महाऊसवर शहरातल्या पोरांनी रात्रभराचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा गंमत म्हणून धर्मेंद्र आणि त्याची बायको गोपिकालाही घेऊन गेले. रात्रीचं संगीत तिला डोक्यात खिळे ठोकल्यासारखं वाटलं. कानात कापूस कोंबून ती गाडीत झोपली.

जाग आली तेव्हा तांबडं फुटलं होतं. वाजवणारा बदलला होता. ठेका तसाच पक्का होता, तळपायांना जमिनीतून कळणारा, पण त्याच्यावर आता एक सूर सावकाश उलगडत होता. त्याला कसली घाई नव्हती. लांब जाऊन परत यायचा, आणि येताना प्रत्येक वेळी थोडा अधिक उजळ होऊन यायचा. माणसांचे चेहरे दिसायला लागले होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एक जाडशी बाई चपला हातात घेऊन डोळे मिटून नाचत होती. तिच्या शेजारी जाऊन गोपिकाही नाचायला लागली, आणि ऊन चढेपर्यंत थांबली नाही.

"याले म्हणते काय?" तिनं घामेजल्या तोंडानं धर्मेंद्रला विचारलं.

"सायट्रान्स. कॉम्प्युटरवर बनवते हे. हा सकाळचा."

त्या सकाळनंतर ती बदलली असं म्हणता येणार नाही. दुकान, घर, भाजी सगळं तसंच चाललं. फक्त संध्याकाळी ती जुन्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसू लागली. व्हिडिओ बघून तसं संगीत बनवायला शिकली. पहिली दोन वर्षं जे तयार झालं ते तिचं तिलाच ऐकवेना. मग एक तुकडा असा जमला, की ऐकताऐकता ती स्वयंपाकघरात नाचली आणि वरण लागलं.

नंतर ती दर रविवारी सकाळी लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या मैदानावर दोन साउंड बॉक्स मांडायला लागली. फिरायला येणारे आधी हसले. मग पार्लरवाली पिंकी आली, तिच्यामागून आणखी बायका, दोन-तीन रिटायर झालेली माणसं. अनुसयाकाकू तर थंडी असो की धुकं, सगळ्यांच्या आधी हजर. एका स्थानिक पेपरचा वैभव नावाचा वार्ताहर आला. त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्या संगीतात हातमागाचा ठेका आहे असं लिहू का?"

"नका लिहू. हातमागानं माझ्या बाबाचे गुडघे गेले. मले तो आवाज आठवला तरी डोकं दुखते. हे मले आवडते म्हणून बनवते, बस."

बातमी छापून आलीच नाही.

अनुसयाकाकूंचे यजमान मधुकरराव लेआउटच्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी गोपिकाला मंदिराच्या सभागृहात बोलावलं. सोबत पिंकीही गेली.

"गोपिका, हे गांजावाल्यांचं संगीत आहे म्हणते. आमच्या जावयानं मोबाइलवर दाखवलं."

"काकाजी, आमच्याइथं चहासुद्धा नाच झाल्यावरच भेटते."

सभागृहात जमलेले लोक हसले. मधुकररावांना ते खपलं नाही, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "हे पाह्य, मी वाईट माणूस नाही. याले 'आनंद ध्यान' नाव दे. पहिले दोन भजनं लाव. बाया एका बाजूले, माणसं एका बाजूले. मंडळ वीज देईन, सतरंज्या देईन. उद्घाटनाले मी सोता येतो."

पिंकीनं कोपर मारलं. "हो म्हण ना वं. नाव बदललं तं काय बिघडते?"

गोपिकाला क्षणभर मोह झाला. मैदान घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. पण पहिल्या सकाळची ती चपला हातात घेतलेली बाई तिच्या डोळ्यांपुढे आली.

"काकाजी, ध्यान करायचं असतं तं मी ध्यानच केलं असतं. हा नाच आहे. बाया-माणसं सोबत नाचते, घाम येते, बरं वाटते. त्याच्यावर दुसरं नाव पांघरून मी नाही करणार."

"मंग मैदान भेटणार नाही."

"नका देऊ."

परतताना पिंकी चिडली होती. "हातचं मैदान घालवलं तू."

"आज नाव बदललं, तं उद्या आपल्या कपड्यावर येतीन," गोपिका म्हणाली. पिंकी आपल्या घराकडे वळली.

पुढच्या रविवारी मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं. गोपिका बॉक्स घेऊन घरी परतली आणि तिनं धर्मेंद्रला फोन लावला. त्याच्या शेतातली कापसाची पऱ्हाटी नुकतीच उपटून झाली होती. त्याचे वडील नत्थूजी म्हणाले, "नाचा. पण कडेच्या धुऱ्यावरच्या तुरीत शिरू नका."

तिनं सगळ्यांना निरोप धाडले. थोड्यांनीच मोबाइलवर होकाराचा अंगठा पाठवला. रविवारी उजाडताना ती शेतात होती. विहिरीवरच्या मोटारीच्या लाइनवरून वीज घेतली, बॉक्स मांडले. धुकं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"येतीन का गा कोणी?" नत्थूजींनी मुलाला विचारलं.

गोपिकानं ऐकलं. तिनं संगीत सुरू केलं आणि मोकळ्या शेतात एकटीच नाचायला लागली. ढेकळं पायाखाली फुटत होती. कोणी आलं नाही तरी चालेल असं तिला वाटत नव्हतं. पण ती थांबली नाही.

सूर्य वर आला तेव्हा पिंकीची स्कूटी बांधावर थांबली. मागे स्वेटर आणि कानटोपी घातलेल्या अनुसयाकाकू.

"लय लांब आहे वं तुझं मैदान," पिंकी म्हणाली. एवढंच. मागून एका मोटारीत आणखी पाच-सहाजण आले.

काकू नाचायला लागल्या न लागल्या तोच त्यांचा फोन वाजला. त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर चालूच असायचा.

"कुठं आहे तू?" मधुकररावांचा आवाज.

"सावनेरले."

"सावनेरले? काहून?"

"नाचाले आली. पोहे भिजवून ठेवले आहे, कांदा तेवढा चिरून घ्या."

"अवं, लोक काय म्हणतीन?"

"लोक इथंच आहे. देऊ का त्यायले फोन?"

पलीकडून फोन बंद झाला. काकूंनी फोन स्वेटरच्या खिशात टाकला आणि हात वर केले.

लेआउटच्या फाटकाला अजूनही रविवारी कुलूप असतं. मधुकरराव गोपिकाशी बोलत नाहीत. काकू मात्र येतात. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा सावनेरचा नाच भरतो. आता गावातल्या बायकाही येतात, आधी लांबून बघतात, मग पदर खोचतात. धर्मेंद्र म्हणाला होता, रस्त्यावरच्या पाटीवर 'संगीत कार्यक्रम' एवढंच लिहू. गोपिकानं स्वतः पत्रा रंगवला: सायट्रान्स. नाचायला या. शिमग्याच्या सुमारास कोणीतरी तो उपटून फेकला. तिनं दुसरा रंगवला, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.