कुडक कोंबडी आणि टाकीचं पाणी

आई फाल्गुनात गेली. माधवगंजच्या घरात तिच्या मागे छतावर तीन कोंबड्या उरल्या आणि खाली बाबा. कोंबड्यांना दाणे टाकले की त्या खात. बाबांचं तसं नव्हतं. ते आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून असत, आणि दोन्ही वेळा मी त्यांना तेच म्हणत असे, "बाबा, उठा. दोन घास खाऊन घ्या. असं बसून काय होणार?" ते "हो" म्हणत आणि बसून राहत. त्यांच्या पायजम्याची नाडी दर आठवड्याला थोडी अधिक लोंबू लागली. मला भीती वाटत होती.

मे महिन्यात तांबडी कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवत बसायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. आमच्याकडे कुडक म्हणतात. पिसं फुलवून रिकाम्या टोपलीत बसली, जवळ गेलं की गुरगुरायची. खाली एकही अंडं नव्हतं. कोंबडा थंडीतच मांजराने नेलेला, त्यामुळे अंडी ठेवूनही पिल्लं निघाली नसती. शिवाय होळीनंतर कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही हा आईचा नियम. ग्वाल्हेरच्या उन्हात अंडी नासतात. पण कुडक कोंबडी दाणापाणी विसरते, आणि अशा उन्हात ती फार दिवस काढत नाही. आईची कोंबडीही माझ्या हातून जाणार, असं मला वाटू लागलं.

उपाय मला पाठ होता. तिचं पोट पाण्यात बुडवायचं. पोट गार पडलं की खूळ उतरतं. मी जेवण उरकून दुपारी दोन वाजता छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी बादलीत घेतलं आणि तिला आत बसवलं. तिने काही विरोध केला नाही. डोळे मिटून घेतले. शेजारच्या छतावर काकू पापड वाळत घालत होत्या. "भैया, इस पानी में तो चाय बन जाए," त्या म्हणाल्या. आई हे काम पहाटे, माठातल्या पाण्याने करायची, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. पहाटे मी झोपलेला असे.

कोंबडी बादलीतून निघाली ती थेट टोपलीत.

खाली येऊन सांगितलं तेव्हा बायको पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत. "गाढवा, शिजवतोस का तिला?" ते म्हणाले. तीन महिन्यांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. शिवी खाऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना खुर्ची रिकामी दिसली. मी घाबरून जिना चढलो. कोंबड्या घाण करतात म्हणून ज्यांनी जन्मात त्यांना हात लावला नाही, ते बाबा बादलीपाशी उकिडवे बसले होते. शेजारी माठ होता. पोट भिजवून त्यांनी कोंबडीला बाजरीपुढे ठेवलं. ती तिथेच बसली.

"ऊठ बाई," बाबा म्हणाले. "दोन घास खाऊन घे. असं बसून काय होणार?"

मी जिन्यातच थांबलो.

कोंबडी काही उठली नाही. तिला आणखी तीन दिवस लागले. बाबा मात्र त्याच सकाळी खाली आले, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सुनेला म्हणाले, "पोहे असतील तर दे थोडे. उद्या परत वर चढायचंय."