वाचून दुसऱ्याला द्या

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे बँडची गाणी लिहायला बसलो तेव्हा हातून मागण्याच उतरल्या: पुरेशी मजुरी, पाळणाघर, कारखान्यात पंखे. पत्रकं न वाचताच लोक त्यांत शेंगदाणे बांधतात, हे मी पाहिलं होतं. गाण्यात तसं होणार नाही, अशी माझी आशा.

आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचो, म्हणजे मध्येच ताल बदलणारी, लवकर न संपणारी गाणी. गिटारवाला, ड्रमवाला, मंद्रूप गावची गायिका आणि शब्दांपुरता मी. वर्षही झालं नव्हतं तोच गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली. उद्याच निघणार होता, आणि अल्बममधलं सगळ्यात लांब गाणं राहिलं होतं. ते झालं नाही तर अल्बमच नाही.

ड्रमवाल्याच्या काकांनी सुट्टीच्या दिवशी आपला यंत्रमागाचा कारखाना दिला. संध्याकाळी सुट्टी संपून पाळी सुरू होईपर्यंतच. गाणं एका दमात रेकॉर्ड करायचं; चुकलं की पहिल्यापासून.

सकाळी गायिकेने कागद पाहिला. "पुढारी, हे गाणं हाय का मोर्चा? लई झालं की. मी श्वास कुटं घेऊ?"

"मागण्या कापायच्या नसतात."

"मग तूच गा."

रागारागात मी दोन कडवी कापली आणि कागद नव्याने लिहून दिला. पंखे ठेवले.

"काका इथंच बसणार आहेत रे," ड्रमवाला कुजबुजला.

"म्हणूनच ठेवले."

दुपारभर चुका झाल्या. एकदा तार तुटली, एकदा पंख्यांच्या ओळीवर काकाच जोरात खोकले. शेवटी जमत आलं. पाळीच्या बायका डबे घेऊन दारात थबकल्या. आणि शब्द संपले. गिटारवाला मात्र डोळे मिटून वाजवतच होता. कडवी कापल्याचं तो साफ विसरला होता!

गायिकेने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं आणि तळाची ओळ गायली, "वाचून दुसऱ्याला द्या."

ती गाण्यातली नव्हतीच. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ती असायची. सवयीने हात लिहून गेला होता. तिने ती पुन्हा गायली, वरच्या पट्टीत. ड्रमवाल्याने जोर धरला. तिसऱ्या वेळेला दारातल्या बायकाही गाऊ लागल्या. त्यांच्या हातांतही अशी पत्रकं कैकदा पडली होती.

अल्बममध्ये ते सगळं आहे, काकांचं "बास रे आता" धरून.

पाळी सुरू झाली. गिटारवाला ड्रम उचलायला मदत करत होता, हसून हसून त्याच्याच्याने ते उचलवत नव्हते. पंखे अजून लागलेले नाहीत; मागणीही मी मागे घेतलेली नाही. पण त्या संध्याकाळी मागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचे ओठ हलताना मी दारातून पाहिले. मग ती शेजारणीच्या कानाशी वाकली, आणि तिचेही ओठ हलू लागले.