पाठमोरे चाचा

चाचा आमच्याकडे पाठ करून शिकवायचे. आपण पेटीवर बोटं ठेवली की हे स्टुलावर गर्रकन फिरणार आणि दुकानाबाहेरचा रस्ता बघत बसणार. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं वाजवणं इतकं भिकार आहे की म्हाताऱ्याला बघवतसुद्धा नाही. मी थांबले.

"का थांबलीस?"

"तुम्ही बघतच नाही आहात."

"बघून काय करू? प्रत्येक सुराला तू माझं तोंड बघतेस. सूर पेटीत असतो बेटा, माझ्या थोबाडावर नाही."

धुळ्यात पेट्या दुरुस्त करणारे तसे दोन-चार जण होते, पण 'पेटीवाले चाचा' म्हटलं की हेच. आमच्या आबांची भजनाची पेटी बिघडली म्हणून मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले होते. मी तेव्हा बारावीत होते आणि बेसूर होते. म्हणजे तसं ठरलेलंच होतं. शाळेत प्रार्थनेच्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." सहावीपासून दहावीपर्यंत मी इमानेइतबारे नुसते ओठ हलवले. माझ्या कानाला काही कळतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

चाचांनी भाता मारत आबांच्या पेटीच्या पट्ट्या एकेक दाबल्या आणि आबांना सोडून मला विचारलं, "यातली कोणती रडते?" मी घाबरत एका पट्टीवर बोट ठेवलं. शाबास नाही, काही नाही. त्यांनी सरळ पेटी खोलून त्याच पट्टीखालचं, सूर देणारं पितळेचं रीड बाहेर काढलं. माझ्या शब्दावर एका मोठ्या माणसाने पेटी खोलली! त्या दिवसापासून मी रोज दुकानात जायला लागले.

त्यांच्याकडे वाजवायला शिकायचं तर आधी सूर लावायला शिकायचं, असा कायदा. रीड टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासायचं मात्र जपून, कारण गेलेलं पितळ परत येत नाही. घासून झालं की चाचा एकच विचारायचे, "लागला?" आपण हो म्हटलं की एकही पट्टी न दाबता पेटी गिऱ्हाइकाच्या हवाली. अहो, निदान एकदा बघा तरी! पण नाही.

मग मी शहाणपणा केला. सूर बरोबर आहे का ते दाखवणारं एक ॲप मोबाईलमध्ये घेतलं आणि ओढणीआड धरून त्यावर बघायला लागले. शिरपूरकडच्या एका भजनी मंडळाची जुनी पेटी आली होती. तिचा एक सूर लावताना कान म्हणत होता, 'नाही.' मोबाईल म्हणत होता, 'हो.' मी मोबाईलचं ऐकलं आणि चाचांना म्हटलं, "लागला."

दोन दिवसांनी मंडळाचे नाना चार माणसं घेऊन दुकानात हजर. "चाचा, बठ्ठी पेटी चांगली शे, पन हाऊ एक सूर रडस! आज सांजले भजन शे." बाकी सगळी पेटी चांगली, नेमका माझाच सूर रडत होता.

"पेटी हिनं लावली," चाचा म्हणाले. "हीच परत लावेल."

"पोर तं आते शिकी ऱ्हायनी. तुम्हीच देखा ना!"

शिकाऊ पोरीवर नानांचा भरवसा नव्हता. मी मोबाईल पुढे करून सगळं कबूल केलं. चाचा चिडले नाहीत. "मोबाईल खरंच बोलतो बेटा. पण ही पेटी जुनी, सगळीच जरा चढी. तू एकट्या सुराला मोबाईलशी जुळवलंस, त्याच्या भावंडांशी नाही. तुझा कान काय म्हणत होता?"

"नाही म्हणत होता."

"मग त्याचं का नाही ऐकलंस?"

मला रडूच फुटलं. आणि हा माणूस, नाना आणि अख्खं मंडळ बसलेलं असताना, मला तसंच सोडून समोर चहा प्यायला निघून गेला! त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! पण करते काय? रीड काढलं, टोकाला अगदी हलक्या हाताने घासलं, बसवलं, शेजारच्या सुरांबरोबर ऐकलं. पुन्हा काढलं, पुन्हा घासलं. शेवटी मीच म्हणाले, "नाना, लागला." नानांनी दाराकडे बघितलं. चाचांचा पत्ता नव्हता. मग त्यांनी स्वतःच वाजवून बघितलं आणि मान डोलावली, "हां! आते कशी!" चाचा आले, त्यांनी पेटीवर कापड घातलं आणि ती नानांच्या हातात दिली. एक पट्टी दाबली असेल तर शपथ! माणसावर इतका विश्वास टाकायचा म्हणजे केवढी छाती लागत असेल, हे मी आजही मोजू शकत नाही.

पुढे काही वर्षांनी चाचांचे हात थरथरायला लागले तसं दुकान बंद झालं आणि ते सावद्याला लेकीकडे गेले. गेल्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणालाच खिळलेले होते. उशाशी त्यांची स्वतःची पेटी. "एक सूर उतरलाय," लेक म्हणाली, "पण अब्बा कुणाला हात लावू देत नाहीत." चाचांनी डोळ्यांनीच मला खूण केली.

मी रीड काढलं, घासलं, बसवलं आणि इतकी वर्षं शिकूनही सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तशी त्यांनी कूस बदलायला घेतली. एक कोपर, मग खांदा, मग कंबर. मी धरायला पुढे झाले तर हाताने बाजूला सारलं. धापा टाकत ते खिडकीकडे वळले आणि माझ्याकडे पाठ झाली.

मी पुन्हा ऐकलं. "लागला, चाचा."

"मग लाव झाकण."

निघताना त्यांची लेक मला अंगणात भेटली. मघापासून ती खिडकीबाहेरच कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "दीदी, तुम्ही सूर परत ऐकत होता ना, तेव्हा अब्बा असे हसत होते! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते."

दोन महिन्यांनी चाचा गेले. पेटी लेकीने माझ्याकडे पाठवली. आता मी शिरपूरला मुलांना शिकवते. मुलं वाजवताना माझ्या तोंडाकडे बघायला लागली की मीही फिरून बसते. त्यांना वाटतं, बाई कडक आहेत. वाटू दे. माझं तोंड तेव्हा कसं झालेलं असतं, ते माझं मलाच माहीत.