हातमोजेवाल्याचं शेवटचं रीळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी पाठीवरचं गळूसुद्धा दाखवतो. आज सांगतो. लाज वाटली म्हणून नाही, सांगायचं म्हणून.

चंडीगढात मी पिक्चरचं मशीन चालवायचो. शाळा दुसरीत सुटली. मास्तरांनी पेढे वाटले असतील. तिथं शिकलेल्या मंडळींचा एक क्लब होता, रविवारी सकाळी परदेशी पिक्चर लावायचा. इमर्जन्सीचे दिवस. त्यात एक आला — हुकूमशहाचा. माणसं मारतो, पण हातात कायम पांढरे हातमोजे. जेवतानासुद्धा. क्लबचे कुलकर्णीसाहेब म्हणाले, हे प्रतीक आहे. मला वाटलं, खरूज असेल.

मशीनवाला आदल्या दिवशी सगळी रिळं एकटाच चालवून बघतो, कुठं जोड सुटलाय का. म्हणून शेवट मला ठाऊक होता.

रविवारी दाराशी दोन दणकट माणसं उभी, केस बारीक कापलेले. पोलीस — दुसरं कोण? शेवटचं रीळ मी डब्यातच ठेवलं आणि दिवे लावून टाकले. हुकूमशहा जेवता जेवताच पिक्चर संपला. बोंब होईल वाटलं, तर साहेब उठून म्हणाले, वा, जुलमाला अंत नसतो हेच दिग्दर्शकाला म्हणायचंय. टाळ्या पडल्या. म्हणजे मीच दिग्दर्शक, यार! आणि ते दोघं? जवळच्या चंडीमंदिर छावणीतले मराठी फौजी. वर मशीनच्या खोलीत येऊन मला विचारलं, मराठी पिक्चर कधी लागणार म्हणून.

इथंच संपलं असतं तर गंमत होती — नाही का?

पण मागोमाग साठेवहिनी जिना चढून आल्या. त्यांच्या नवऱ्याला पोलिसांनी ऑफिसातून उचलून नेलेलं. कुठल्या जेलात, कुणी सांगत नव्हतं. त्या काही प्रतीकं बघायला आल्या नव्हत्या.

"भाऊ, त्या हातमोजेवाल्याला शेवटपर्यंत कुणीच काही बोलत नाही?"

डबा माझ्या पायाशी. फौजी गेलेले. आता भ्यायचं कुणाला? — लबाडी उघडी पडेल, एवढंच. टाळ्या जातील.

"नाही वहिनी," म्हणालो. "पिक्चरच तसा आहे."

त्या कठड्याला धरून जिना उतरल्या.

त्या रिळात एक धोबीण ते हातमोजे भर चौकात त्याच्या तोंडावर फेकते. मग जे बोलते, त्याची भाषा मला येत नव्हती, पण कळलं. तो उघड्या हातांनी उभा राहतो. म्हातारे, थरथरणारे हात.

भित्रा म्हणा, खोटारडा म्हणा — तुमच्या आधी मीच म्हणतो. दिवसच तसे होते, असलं मी म्हणणार नाही. ती बाई बोलली होती. मी तिला डब्यात ठेवलं.