भेंडीची परीक्षा

"लोकाच्या पोरी पैठण्या जमवतात, आमची तलवारी जमवती," असं आई आल्यागेल्याला सांगते. सूर तक्रारीचा असतो, पण कपाट उघडून दाखवायला उठतेही तीच.

मी चितेगावला कारखान्यात नोकरी करते. छंद मात्र एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या आरमारी अधिकाऱ्यांच्या तलवारींचा. छत्रपती संभाजीनगरातून समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास, तरी हे खूळ इथं कुठून आलं, मला विचारू नका. गुलमंडीजवळ जुन्या सामानाच्या दुकानात एका पितळी मुठीवर जहाजाचा नांगर कोरलेला दिसला आणि मी कामातून गेले.

ती पहिली तलवार घरी आणली तेव्हा आई दारातच आडवी आली. "बुद्धाच्या घरात हत्यार? एक तर मी ऱ्हाईन नायतर ही ऱ्हाईल." मी पोटतिडकीनं सांगितलं, अगं, या नुसत्या संचलनात मिरवायच्या, पुष्कळांना धारच नसते. आईनं विश्वास ठेवला नाही. कधी ठेवते? तिनं परातीतली एक भेंडी उचलली आणि पात्यावर दाबली. भेंडी चिरली नाही, नुसती चेंगरली. "बरं, ऱ्हाऊ दे मग." तेव्हापासून प्रत्येक तलवार ही परीक्षा देऊनच कपाटात जाते.

यंदा त्याच दुकानदाराचा फोन आला. कित्येक वर्षं शोधत होते ती मिळाली होती. सिंहाच्या तोंडाची मूठ, पात्यावर नांगर, म्यानसुद्धा शाबूत. रिक्षात मी ती मांडीवर घेऊन बसले, हळूच बाहेर काढली, पात्यावर अंगठा टेकवला आणि झटकन मागं घेतला. हिला धार होती. चांगली, लावून घेतलेली धार.

लपवावी असं मनात आलं. पण आई भेंडी घेऊनच बसली होती.

दोन तुकडे परातीत पडले. मला चक्क रडू आलं. एवढी घोडी झाले, तरी लोखंडासाठी रडत होते. "उद्या परत देऊन येते," मी म्हणाले.

"थांब जरा." आईनं पातं पदरानं पुसलं, तलवार उचलली आणि बैठकीत बुद्धमूर्तीसमोर नेऊन ठेवली.

"त्या कपाटातल्या पहिल्यापासूनच गुणाच्या हायेत," ती म्हणाली. "रोजची वंदना हिला ऐकू दे. हिलाच लई गरज हाय."